कॉलेज करताना मेडिकल स्क्राइबचं काम: प्रत्यक्षात काय करावं लागतं?

रानजाई
अमेरिकेत प्री-मेड (मेडिकलच्या आधीचं कॉलेज) करणाऱ्या मुलांमध्ये मेडिकल स्क्राइबच्या पार्ट-टाइम कामाचं बरंच बोललं जातं. डॉक्टर पेशंटला बघत असताना शेजारी लॅपटॉप घेऊन थांबायचं आणि चार्ट लिहायचा, इतपत समजलं. पुढचं सगळं धूसर आहे. जाहिरातीत 'अनुभवाची गरज नाही, ट्रेनिंग आम्ही देऊ' यापलीकडे काही नसतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, बायॉलॉजी करणाऱ्या मुलाने हे घ्यावं का? आठवड्याचे किती तास जातात? ईआर (इमर्जन्सी रूम) बरी की साधं क्लिनिक? आणि आता एआय नोट लिहितो म्हणे, मग हे काम टिकणार तरी किती? जाणकारांनी इस्कटून सांगावं.

ढब्बू_पैसा
डॉक्टरांचं अक्षर लावणारा माणूस पगारावर ठेवतात होय! आपल्याकडे हे काम मेडिकलवाला फुकटात करतो.
(हलकेच घ्या.)

पाटीपेन्सिल
ढब्बूराव, अक्षराचा प्रश्न संगणक आल्यावर संपला, वेळेचा सुरू झाला. म्हणून स्क्राइब.

रानजाई, आधी कामाचं स्वरूप. ईआरमधली शिफ्ट साधारण ८ ते १० तासांची. स्क्राइब एका डॉक्टरला जोडलेला असतो आणि त्याच्या मागोमाग प्रत्येक खोलीत जातो. पेशंट जे सांगतो त्यातून एचपीआय म्हणजे आत्ताच्या तक्रारीची हकीकत लिहायची. डॉक्टर तपासताना जे मोठ्याने बोलतात ते फिजिकल एक्झाममध्ये. खोलीबाहेर आल्यावर डॉक्टर डोक्यात काय चाललंय ते सांगतात, ते एमडीएममध्ये, म्हणजे निर्णयामागच्या विचाराच्या भागात. मग दिवसभर पाठपुरावा: लॅब आली का, एक्स-रे वाचला का, कार्डिऑलॉजीचा फोन किती वाजता आला, पेशंटला पुन्हा कधी पाहिलं, औषधानंतर दुखणं कमी झालं का. एकाच वेळी आठ-दहा चार्ट उघडे असतात आणि प्रत्येक वेगळ्या टप्प्यावर.

एचपीआय कसा असावा याचा नमुना, मराठीत:

"५८ वर्षांचे गृहस्थ, रक्तदाब आणि मधुमेह आहे. आज पहाटे ४ वाजल्यापासून छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं दुखतं. जिना चढताना सुरू झालं, बसल्यावर कमी होतं. डाव्या हातात कळ, सोबत घाम. घरी ॲस्पिरिन ३२४ मिग्रॅ घेतली. पाठीत फाटल्यासारखी कळ नाही. पायाला सूज नाही, अलीकडे लांबचा प्रवास नाही. ताप, खोकला नाही."

शेवटची 'नाही'ची वाक्यं भरताड नाहीत. पाठीतली कळ विचारली ती महाधमनी फाटली नाही ना हे बघायला, पायाची सूज आणि प्रवास विचारला तो फुफ्फुसातल्या गुठळीसाठी. नवा स्क्राइब हे प्रश्न फक्त टिपतो. काही आठवड्यांनी त्याला डॉक्टरने कुठला प्रश्न कशासाठी विचारला ते ओळखू यायला लागतं. या कामातून मिळवायचं ते हेच.

अजून एक. 'पहाटे ४ वाजल्यापासून' लिहायचं, 'दोन तासांपासून' नाही. नोट संध्याकाळी वाचणाऱ्याला दोन तास कुठून मोजायचे ते कळत नाही.

नाचणी
वेळेबद्दल अनुमोदन, आणि स्ट्रोकमध्ये तर ती जीव की प्राण. तिथे लक्षणं कधी दिसली हे पुरत नाही, पेशंट शेवटचा धडधाकट कधी होता ते लागतं. बायको सांगते, "सकाळी ६ला उठले तर यांचं तोंड वाकडं." नवखा स्क्राइब सुरुवात सकाळी ६ला लिहून मोकळा. पण माणूस रात्री १०ला ठणठणीत झोपायला गेला असेल तर घड्याळ १०पासून धरायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणजे चार्टमधल्या त्या एका ओळीने चित्र पालटतं. डॉक्टरला ते माहीत असतंच, पण ट्रान्सफर झाल्यावर पुढचं हॉस्पिटल तुमची नोट वाचतं.

कोपऱ्यातला_बाक
वाचतोय. टायपिंगचा वेग किती लागतो?

पाटीपेन्सिल
मिनिटाला ६० शब्दांच्या आसपास असला की आरामात चालतं. खरी अडचण वेगाची नसते, कानाची असते. फिफ्टीन आणि फिफ्टी. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला. इलियम दोन आहेत, एक आतडं, एक कमरेचं हाड, आणि उच्चार अगदी एक. हायड्रॅलझिन रक्तदाबाची, हायड्रॉक्सिझिन खाजेची. हायपो आणि हायपर तर रोजचेच. शंका आली की खोलीबाहेर आल्या आल्या विचारायचं, अंदाज लिहायचा नाही.

आकडे लिहायचेही नियम आहेत. जॉइंट कमिशन या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या 'वापरू नका' यादीत आहे: दशांशानंतर उगाच शून्य नको, कारण ५.० चं ५० वाचलं जातं. दशांशाआधी शून्य हवंच, नाहीतर .५ चं ५ होतं. युनिटसाठी नुसतं 'यू' चालत नाही, रोज एकदा म्हणायला 'क्यूडी' चालत नाही. सही करण्यापूर्वी डावं-उजवं पुन्हा एकदा बघायचं.

उलटतपासणी
बिलिंगच्या बाजूने थोडं सांगते, कारण यूट्यूबवरचं बरंच ट्रेनिंग अजून जुन्या नियमांवर अडकलंय.

पूर्वी वरच्या लेव्हलचं बिल लावायला एचपीआयमध्ये ४ घटक, आरओएसमध्ये (एकेका अवयवसंस्थेबद्दलचे प्रश्न) १० सिस्टिम, एक्झाममध्ये ८ अशी मोजामोज असायची. स्क्राइबची अर्धी किंमत हे रकाने भरण्यात होती. १ जानेवारी २०२१ पासून ऑफिस व्हिजिटसाठी ती मोजदाद गेली. आता लेव्हल ठरते एमडीएमवर किंवा डॉक्टरने त्या दिवशी घालवलेल्या एकूण वेळेवर. ईआरचे ९९२८१ ते ९९२८५ हे बिलाचे कोड २०२३ पासून फक्त एमडीएमवर, तिथे वेळ धरत नाहीत.

एमडीएमचे तीन खांब: प्रश्न किती आणि किती गंभीर, माहिती किती तपासली, आणि धोका किती. तीनपैकी दोन त्या लेव्हलला पोचले पाहिजेत. स्क्राइबच्या हातून निसटतो तो मधला खांब. डॉक्टरने जुनी डिस्चार्ज समरी उघडून वाचली, पेशंटला स्मृतिभ्रंश असल्याने मुलीकडून हकीकत घेतली, एक्स-रे स्वतः पाहून मत दिलं, सर्जनशी फोनवर चर्चा केली. हे सगळं घडलेलं असतं, पण नोटमध्ये नसेल तर बिलापुरतं ते घडलंच नाही. एक पाचर: ईसीजी वाचल्याचं वेगळं बिल त्याच डॉक्टरने लावलं असेल तर ते वाचन एमडीएममध्ये पुन्हा मोजता येत नाही.

क्रिटिकल केअर (जिवावर बेतलेल्या पेशंटवरचे उपचार) मात्र वेळेवरच. त्याच्या ९९२९१ या कोडसाठी किमान ३० मिनिटं, ७४ पर्यंत. नळी घालणं, सेंट्रल लाइन यांसारखी ज्यांचं बिल वेगळं लागतं त्या कामांची मिनिटं वजा करून. तो आकडा डॉक्टरने सांगायचा असतो. स्क्राइबने आपल्या मनाने ३५ टाकला तर ऑडिटमध्ये डॉक्टर गोत्यात.

ढब्बू_पैसा
म्हणजे चित्रगुप्ताची नोकरी. फरक इतकाच की इथे यमाची सही लागते.

उलटतपासणी
:-) सही लागतेच. आणि यमाने सही करण्यापूर्वी नोट वाचणंही अपेक्षित असतं. नोटच्या शेवटी स्क्राइबचं निवेदन असतं, की अमुक डॉक्टरांच्या वतीने, त्यांच्या उपस्थितीत मी हे लिहिलं. त्याखाली डॉक्टरचं, की हे मी तपासलं, मी केलेल्या कामाची ही बरोबर नोंद आहे. निवेदनाची शब्दरचना हॉस्पिटल देतं, तीच वापरायची. दुसऱ्याच्या लॉगिनमधून एक अक्षरही लिहायचं नाही, डॉक्टर "माझंच उघडं आहे, टाक पटकन" म्हणाले तरीही.

नाचणी
पाटीपेन्सिल, मॅक्रोबद्दल लिहा ना. सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात.

पाटीपेन्सिल
लिहायचंच होतं. एपिक या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मॅक्रो म्हणजे स्मार्टफ्रेज. टिंब आणि छोटा शब्द टाइप केला की अख्खा परिच्छेद येतो. जिथे माहिती भरायची तिथे तीन तारका, एफ२ दाबलं की पुढच्या तारकांवर उडी. सोय उत्तम आहे. घोटाळा 'नॉर्मल एक्झाम'च्या मॅक्रोमध्ये. एका झटक्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं नॉर्मल छापलं जातं. मग काचेचा डोळा बसवलेल्या पेशंटच्या चार्टमध्ये 'दोन्ही बाहुल्या सारख्या, प्रकाशाला प्रतिसाद देतात' आणि गुडघ्याखाली पाय कापलेल्याच्या चार्टमध्ये 'दोन्ही घोट्यांना सूज नाही'. वकिलाच्या हाती अशी एक ओळ लागली की उरलेल्या नोटवर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून रिकामी टेम्प्लेट घ्यायची आणि डॉक्टर बोलले तेवढंच भरायचं. ते म्हणाले "लंग्ज क्लियर, पोट मऊ", तर फुफ्फुस आणि पोट. हृदयाबद्दल बोलले नाहीत तर ती ओळ कोरी ठेवायची आणि बाहेर आल्यावर विचारायचं, "हार्ट ऐकलंत का?" पहिल्या आठवड्यातच डॉक्टरला सांगून ठेवावं की तपासताना मोठ्याने बोला. काहींना सवय नसते, पण लागते.

कालची नोट आज कॉपी करून पुढे ढकलणं हा याचाच सख्खा भाऊ. 'उद्या टाके काढणार' हे वाक्य तीन आठवडे चार्टमध्ये फिरत राहतं.

ऑर्डरबद्दलही एक. औषध किंवा तपासणीची तोंडी ऑर्डर स्क्राइबने नर्सला नेऊन सांगायची नाही. संगणकात ऑर्डर भरून ठेवायची मुभा आहे की नाही हे त्या हॉस्पिटलच्या धोरणात लिहिलेलं असतं. ते ट्रेनिंगमध्येच विचारून घ्यावं. पेशंटला हात लावायचा नाही, उठवून बसवायलाही नाही.

शेवग्याची_शेंग
अवांतर प्रश्न. पेशंट मराठी किंवा हिंदी बोलणारे आजी-आजोबा असतील तर स्क्राइबने दुभाष्याचं काम केलं तर चालतं ना? तेवढीच मदत.

नाचणी
नाही चालत. अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ प्रमाणे पात्र दुभाषी द्यायला लागतो, भाषा येते एवढं पुरत नाही. फोनवरचा किंवा व्हिडिओवरचा दुभाषी बोलावतात. स्क्राइबने नोटमध्ये कोणती भाषा आणि दुभाष्याचा आयडी नंबर लिहायचा. आजींशी "कशा आहात" म्हणायला कुणी अडवत नाही, पण 'मळमळतंय' आणि 'गरगरतंय' यातला फरक इंग्रजीत नेणं पात्र दुभाष्यावर सोडा. शिवाय भाषांतर करणारा माणूस त्याच वेळी टाइप कसा करणार?

सोनटक्का
इथे बरेच पालक वाचत असतील म्हणून व्हिसाचं सांगतो. हे आधी बघा, अर्ज नंतर.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. गावातल्या हॉस्पिटलात स्क्राइब म्हणजे कॅम्पसबाहेरचं काम, त्याला सीपीटीसारखी (अभ्यासक्रमाला जोडून काम करायची) परवानगी लागते. सीपीटी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर, आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असेल तरच. म्हणजे इंटर्नशिपचा क्रेडिट कोर्स वगैरे. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं हॉस्पिटल असेल तर ते कॅम्पसमध्ये धरतात का, हे डीएसओला (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) लेखी विचारा.

एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्या मुलांना नोकरी करताच येत नाही. एच-४ चं वर्क परमिट ठराविक अटींत जोडीदारासाठी आहे, मुलांसाठी नाही. घरून लॅपटॉपवर केलेलं काम हेही कामच. आणि "पगार नको, फुकट करतो" ही पळवाट नाही. ज्या जागेला एरवी पगार असतो ती फुकट भरली तरी ती नोकरीच धरली जाऊ शकते. अशा मुलांनी शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून नुसतं बघणं) करावं, हॉस्पिटलच्या अधिकृत व्हॉलंटिअर कार्यक्रमात जावं.

शेवग्याची_शेंग
बाप रे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

तिरकस
सगळं ठीक आहे, पण एक स्पष्ट बोलतो. पगार बघितलात का? केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलंय, आणि स्क्राइबच्या जाहिराती बऱ्याच ठिकाणी कॉफी शॉपच्या आसपास, कधी खालीसुद्धा असतात. दोन शिफ्ट म्हणजे १६ ते २० तास, वर येणं-जाणं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सत्रात रात्रीच्या शिफ्ट घेतल्या तर ग्रेड घसरतो, आणि घसरलेला ग्रेड कुठलाही अनुभव भरून काढत नाही. त्यात डॅक्स आणि अब्रिजसारखे एआय आता खोलीत ऐकून मसुदा तयार करतात. बुडत्या जहाजावर पोराला कशाला चढवता?

पाटीपेन्सिल
जहाज गळतंय हे मान्य. एक डॉक्टर, एक पेशंट, बंद खोली, २० मिनिटं शांत बोलणं अशा क्लिनिकमध्ये एआयचा मसुदा चांगला येतो, तिथल्या स्क्राइबच्या जागा आधी जाणार.

पण तो अडकतो कुठे तेही बघा. डॉक्टरने पोट दाबलं आणि बोललेच नाहीत, तर एआयला एक्झाम दिसत नाही. खोलीत पेशंट, बायको आणि मुलगा एकदम बोलले तर दम्याचा पंप कोणाचा यात गल्लत होते. न बोललेलं वाक्य मसुद्यात उगवतं. आणि ईआरमध्ये नोट म्हणजे सलग एक संभाषण नसतंच. खोलीत पाच मिनिटं, मग कॉरिडॉरमध्ये सर्जनशी दोन मिनिटं, मग तासाभराने लॅब. हे तुकडे गोळा करणारं कुणीतरी लागतं. सेप्सिसचंच (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागणं) घ्या. लॅक्टेट ही रक्ताची तपासणी, ॲंटिबायोटिकच्या आधी रक्ताचे कल्चर, ॲंटिबायोटिक हे तीन तासांत. रक्तदाब खाली असेल किंवा लॅक्टेट ४ वा जास्त असेल तर किलोमागे ३० मिली सलाइन. पहिलं लॅक्टेट २ च्या वर असेल तर पुन्हा काढायचं. हे घड्याळाकडे लक्ष ठेवून डॉक्टरला "रिपीट लॅक्टेट राहिलंय" म्हणणारा स्क्राइब आजही हवा असतो.

तिरकस
पगाराबद्दल काही बोलला नाहीत. ;-)

उलटतपासणी
पगाराबद्दल मी बोलते, तिरकसचं म्हणणं खरंच आहे. म्हणून सही करण्यापूर्वी करार नीट वाचा. ट्रेनिंगचे तास पगारी आहेत का? नोकरीवर घेतल्यानंतरचं, हजेरी सक्तीची असलेलं आणि थेट त्याच कामाचं ट्रेनिंग केंद्रीय कायद्यानुसार कामाचे तास धरलं जातं, त्याचे पैसे मिळायला हवेत. वर्षभर राहण्याचं बंधन आहे का, आधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च मागतात का? महिन्याला किमान किती शिफ्ट, त्यात रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या किती? परीक्षेच्या आठवड्यासाठी सुट्टी किती आधी कळवायची? ड्रग टेस्ट, टीबी टेस्ट, लशी यांचा खर्च कोण करणार?

स्वतःच्या खिशातून महागडं सर्टिफिकेट घेऊन जायची गरज नसते. बहुतेक जागा घेणारा स्वतःच शिकवतो.

खडीसाखर
हिपाबद्दल (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) कुणीच लिहिलं नाही अजून! कॉलेजची पोरं तिथेच नोकरी घालवतात. आपल्या पेशंटव्यतिरिक्त एकही चार्ट उघडायचा नाही. रूममेट ईआरमध्ये आली म्हणून कुतूहलानेही नाही, आईने "माझा रिपोर्ट बघ रे" म्हटलं तरी नाही. कोणी कोणता चार्ट किती वाजता उघडला याची नोंद राहते. नाव न घेता टाकलेली 'आजची भन्नाट केस' अशी पोस्टसुद्धा अंगाशी येते, कारण तारीख, गाव आणि जखम एवढ्यावर माणूस ओळखू येतो. स्क्रीनमागे दिसत असताना सेल्फी? विसरा.

आणि भाषा जपा. क्युअर्स ॲक्टच्या नियमांमुळे ५ एप्रिल २०२१ पासून बहुतेक नोट्स पेशंटला पोर्टलवर लगेच दिसतात. 'पेशंट दारू पीत असल्याचं नाकारतो' वाचून माणूस चिडतो. 'दारू घेत नाही असं सांगतात' लिहिलं तर अर्थ तोच, भांडण नाही.

रानजाईंच्या मूळ प्रश्नाकडे येते, धागा भरकटायच्या आत. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने घ्यावं, पण सत्राच्या मध्यात नाही. मार्च-एप्रिलमध्ये अर्ज, मे-जूनमध्ये ट्रेनिंग. आधी वर्गातलं, मग जुन्या स्क्राइबसोबत काही शिफ्ट. उन्हाळाभर आठवड्याला तीन-चार शिफ्ट केल्या की हात बसतो. सप्टेंबरपासून दोन, जमलं तर एकच. रात्रीची शिफ्ट कॉलेजच्या लॅबच्या आदल्या दिवशी नको. एमकॅटच्या (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) आधीचे दोन-तीन महिने काम कमी करायचं हे नोकरी घेतानाच बोलून ठेवा.

ईआर की क्लिनिक? आजारांची विविधता आणि झटपट निर्णय बघायचे तर ईआर. पेशंट पुन्हा येतो, औषध लागू पडलं का ते दिसतं, वेळापत्रक दिवसाचं, हे क्लिनिकचं. शिफारसपत्राचा विचार केला तर क्लिनिकचं पारडं जड. ईआरमध्ये वीस डॉक्टर फिरते, प्रत्येकासोबत महिन्याला फार तर एखादी शिफ्ट, पत्र कोण आणि कशाच्या जोरावर लिहिणार? क्लिनिकमध्ये एकच डॉक्टर वर्षभर रोज बघतो.

फक्त 'स्क्राइब केलं की झालं' असं समजू नका. त्यात बघणं आहे, करणं नाही. पेशंटला हाताळायचा अनुभव हवा तर ईएमटी (रुग्णवाहिकेवरचं काम) किंवा सीएनए (नर्सचा मदतनीस). सीएनएचं केंद्रीय किमान ट्रेनिंग ७५ तासांचं, काही राज्यांत जास्त. घरून करायचं स्क्राइबिंग असेल तर काही मेडिकल स्कूल त्याला पूर्ण क्लिनिकल अनुभव मानायला कुरकुरतात, शक्य असेल तर प्रत्यक्ष जागेवरचं बघा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. करार वाचण्याचं आणि उन्हाळ्यात सुरुवात करायचं डोक्यात पक्कं बसलं. एकच राहिलं: मेडिकल स्कूलच्या अर्जात हे कसं दाखवायचं? तास कुठे लिहून ठेवायचे?

खडीसाखर
पहिल्या शिफ्टपासून साधी स्प्रेडशीट: तारीख, तास, कोणता विभाग, कोणासोबत. पेशंटची कुठलीही माहिती त्यात नको. एएमसीएएसमध्ये (मेडिकल स्कूलचा सामाईक अर्ज) एकूण १५ नोंदी करता येतात, त्यात हे 'पगारी नोकरी, वैद्यकीय' या प्रकारात. वर्णनाला ७०० अक्षरं, स्पेस धरून. तीन नोंदी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १,३२५. त्या जागेत 'एचपीआय लिहिला, लॅब बघितल्या' अशी कामांची यादी देऊ नये, वाचणाऱ्याला स्क्राइब काय करतो ते पाठ असतं. डॉक्टरने घरी पाठवायचं की दाखल करायचं हे कसं ठरवलं, असा एखादा निर्णय पेशंटची ओळख न देता उलगडावा.

शिफारसपत्र मागायचं तर नोकरी चालू असतानाच मागा, सोडल्यावर सहा महिन्यांनी नाही. डॉक्टरला एएमसीएएसचा लेटर रिक्वेस्ट फॉर्म द्या, त्यावर लेटर आयडी असतो. सोबत तुमच्या तासांचा एक पानी तपशील दिलात तर त्यांचंही काम सोपं होतं.

ढब्बू_पैसा
आणि पत्राचा मसुदा डॉक्टरने स्क्राइबलाच लिहायला सांगितला तर?

उलटतपासणी
तर नाही म्हणायचं. तिथे निवेदन जोडायची सोय नाही.